थाळनेरच्या दिंडी दरवाजात

पारोळ्याहून धुळ्याला एसटीने निघालं तर तासाभरात पोचता येतं. मराठी ऐतिहासिक कादंबरीचं निम्मं भांडण या तासाभराच्या रस्त्यावर मावतं. पारोळ्यात ८ मार्च १८६४ रोजी हरी नारायण आपटे जन्मले. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ सालची, म्हणजे आपट्यांच्या आधीची खरी. पण ऐतिहासिक कादंबरी मराठीत रुजली ती हरिभाऊंमुळे. आणि धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ रोजी वि. का. राजवाडे वारले. अस्सल कागद पुढे ठेवल्याशिवाय इतिहासाबद्दल बोलू नये, हा दंडक त्यांचा. एकाला गोष्ट सांगायची होती, दुसऱ्याला कागद हवा होता. पण राजवाडे कोरडे कागदवाले नव्हते. १९०२ साली त्यांनी ‘कादंबरी’ याच नावाचा भलामोठा निबंध लिहिला. मराठी कादंबरीचं बरंवाईट इतक्या गांभीर्याने तपासणारा माणूस गोष्टीचा शत्रू कसा असेल?

युद्धकाळावर कादंबरी लिहायची तर शोध कुठे घ्यायचा, कितपत घ्यायचा आणि कागद संपला की काय करायचं, हा प्रश्न जुनाच आहे. मी तो इथे खानदेशापुरता, म्हणजे जळगाव, धुळे आणि १ जुलै १९९८ पर्यंत धुळ्यातच असलेला नंदुरबार, एवढ्यापुरता मांडतो आहे. कारण या मुलखाने युद्धं भरपूर पाहिली आणि कादंबरीत तो आला बेताचाच.

मराठी ऐतिहासिक कादंबऱ्यांची नावंच पाहा. ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’, ‘राऊ’, ‘शहेनशहा’, ‘संभाजी’, ‘महानायक’. मुखपृष्ठावर एक माणूस, आणि युद्ध हे त्या माणसाचं कर्तृत्व किंवा त्याची शोकांतिका. विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’ने १९८८ साली माणसाऐवजी रणभूमीचं नाव घेतलं, तरी वाचकाच्या मनात भाऊसाहेबच राहिले. यात वाईट काही नाही. पण या साच्यात खानदेश बसत नाही. फारुकी सुलतान सोडले तर इथे गादी नव्हती, आणि त्यांचीही राजधानी थाळनेरहून बुऱ्हाणपूरला गेली. खानदेश हा वाटेवरचा मुलूख. उत्तरेतून दख्खनेत उतरायचं तर सातपुडा ओलांडून तापी पार करावी लागे, आणि दख्खनेतून वर जाणाऱ्यालाही तेच. १६०१ च्या आरंभी असीरगड घेऊन अकबराने फारुकींचं राज्य बुडवलं. पुढे मोगल सुभेदार, मराठ्यांच्या स्वाऱ्या, निजाम, होळकर, इंग्रज, सगळे इथूनच गेले. धरणगावला सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती, कारण तिथलं कापड. जिथे कापड तिथे पैसा, आणि पैसा तिथे धाड. म्हणून शिवकाळातल्या धरणगाव-चोपड्याच्या बातम्या वखारवाल्यांच्या पत्रांतही सापडतात. मात्र ती पत्रं मालाच्या मालकाची. ज्याने माल विणला त्या साळ्याचं पत्र कुठल्याच दप्तरात नाही.

तेव्हा खानदेशातल्या युद्धकादंबरीचा नायक राजा असू शकत नाही, असं माझं मत आहे. तिचा विषय रस्ता, उतार, चारा, धान्याचा भाव आणि सैन्य पुढे गेल्यावर मागे उरलेलं गाव. नायक बदलला की शोधाची दिशाही बदलते. वंशावळ आणि दरबारी पत्रव्यवहार बाजूला ठेवून हिशेबाचे कागद उघडावे लागतात.

हे राजवाड्यांच्या पहिल्याच खंडात दिसतं. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला, तो पानिपतच्या आसपासच्या पत्रांचा. बखरींवर विसंबून लिहिलेला इतिहास किती डळमळीत असतो, हे त्यांनी त्याच्या प्रस्तावनेत दाखवून दिलं. पण कादंबरीकाराला त्या पत्रांत वेगळंच काही मिळतं. सदाशिवरावभाऊ गोविंदपंत बुंदेल्यांना लिहितात तेव्हा विषय तलवारीचा फार थोडा असतो. पैसा पाठवा, रसद पाठवा, शत्रूची रसद तोडा. युद्ध म्हणजे मुख्यतः न आलेलं धान्य. बखरकाराला ते ठाऊक होतं, पण त्याला सांगायची होती ती शौर्याची गोष्ट. आमच्या पुष्कळ कादंबरीकारांनी बखरीची भाषा उचलली आणि पत्रांतली भूक सोडून दिली.

खानदेशात ही भूक १८०२ ते १८०४ या काळात दिसते. पेशवाईतल्या भाऊबंदकीच्या धामधुमीत यशवंतराव होळकरांच्या फौजा या मुलखातून गेल्या आणि पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. ना. सं. इनामदारांनी यशवंतरावांवर ‘झुंज’ (१९६६) लिहिली. त्रिंबकजी डेंगळ्यांवरची ‘झेप’ (१९६३) त्याआधीची. ठाण्याच्या तुरुंगातून निसटल्यावर त्रिंबकजीने भिल्लांना हाताशी धरून खानदेशात उठाव पेटवला, हा भाग इतिहासात ठळक आहे. इनामदारांचं ऋण मोठं: ज्यांना इतिहासाने खलनायक ठरवलं त्यांना त्यांनी पुन्हा उभं केलं. माझी तक्रार एवढीच, की यशवंतरावांच्या घोड्याखाली ज्याची ज्वारी गेली त्याच्या अंगणात मराठी कादंबरी अजून नीट बसलेली नाही.

आता थाळनेर. मला हवी असलेली कादंबरी कुठे सुरू व्हावी असं कुणी विचारलं, तर मी शिरपूर तालुक्यातल्या या गावाकडे बोट दाखवीन. तापीच्या उत्तर काठावर ढासळत चाललेली मातीची आणि विटांची भिंत, गावाबाहेर फारुकींच्या कबरी. महिदपूरची लढाई २१ डिसेंबर १८१७ ला झाली, ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांनी खानदेश इंग्रजांना दिला. कागदावर मुलूख गेला, पण किल्ल्यात शिबंदी होतीच. सर थॉमस हिस्लॉपची फौज सेंधव्याच्या बाजूने घाट उतरून २७ फेब्रुवारी १८१८ ला थाळनेरपुढे आली. किल्लेदार तुळशीराम मामा. किल्ल्यातून गोळीबार झाला, इंग्रजी तोफांनी उत्तर दिलं, बाहेरचा दरवाजा मोकळा झाला. किल्लेदार दिंडीतून बाहेर आला आणि इंग्रजांच्या हाती पडला. मग मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर हे रॉयल स्कॉट्सचे दोन अधिकारी थोड्या शिपायांनिशी आत शिरले. दरवाजात बोलाचाली झाली, आतल्या लोकांनी हल्ला केला, दोघेही अधिकारी मारले गेले. त्यानंतर सुमारे ३०० जणांची अख्खी शिबंदी कापून काढली गेली आणि किल्लेदाराला फाशी दिलं.

हे प्रकरण तिथेच मिटलं नाही. मार्च १८१९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात या मोहिमेच्या आभाराचा ठराव आला तेव्हा थाळनेरच्या फाशीवर प्रश्न उठले. व्हॅलेंटाइन ब्लॅकरने १८२१ मध्ये या युद्धाचा जो तपशीलवार वृत्तांत छापला त्यातही थाळनेर आहे. विश्वासघात झाला की गैरसमज, यावर इंग्रजांचंच एकमत नव्हतं. आणि इथे कादंबरीकाराने कान टवकारायला हवेत. जिंकणाऱ्याच्या कागदातच जिथे चलबिचल आहे, तिथे कागद स्वतःहून दार किलकिलं करतो.

त्या दिंडीत कोणत्या भाषा होत्या ते पाहा. आत अरब शिबंदी. किल्लेदार मराठी-हिंदुस्तानी बोलणारा. बाहेर स्कॉटिश गोरे आणि मद्रासेकडची पलटण. गावात अहिराणी. शरणागतीच्या अटी म्हणे सांगितल्या गेल्या. कुणी, कोणत्या भाषेत, कुणाला? वेतनाची थकबाकी मिळेल का, हत्यारं घेऊन जाता येईल का, जीव वाचेल का, हे शिबंदीचे रोजचे प्रश्न. त्यांचं उत्तर त्या अरबी कानांपर्यंत पोचलं का? इतिहासकार इथे ‘निश्चित सांगता येत नाही’ असं लिहून पुढचं पान उलटतो, आणि ते बरोबरच आहे. कादंबरीकाराला पुढे जाता येत नाही. त्याला त्या दारात दुभाषा उभा करावा लागतो. हा दुभाषा काल्पनिक असेल, पण तो जे चुकीचं ऐकेल ते १८१८ सालीच चुकीचं ऐकता येण्यासारखं असलं पाहिजे. कल्पनेची परीक्षा मी इथे घेईन, आणि शोध जो उपयोगी पडतो तो इथेच.

उदाहरणार्थ तिथी. २७ फेब्रुवारी १८१८ म्हणजे माघ वद्य पक्षाचा मध्य, महाशिवरात्र आठवड्यावर. चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला उगवणारा, अर्धा. फाशी झाल्यावरची रात्र पूर्वार्धात काळीकुट्ट होती, हे जुनं पंचांग सांगतं, कुठलीही बखर नाही. तापी त्या दिवसांत उतरलेली. रब्बीची ज्वारी काढणीला आलेली किंवा खळ्यावर. म्हणजे फौजेच्या जनावरांना कडबा कुठून मिळाला, हा प्रश्न उत्तरासकट समोर येतो. उकाईचं धरण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, हतनूरही तसंच. आजच्या तापीवरून तेव्हाची तापी रंगवू नये. केळीचे आज रावेर-यावलला दिसणारे अफाट बागायती पट्टे विसाव्या शतकातले, तेव्हा १८१८ चा घोडेस्वार केळीच्या बागेतून दौडत येऊ लागला की पुस्तक मिटावं. शेंगदाण्याचा कूट घातलेली भाजीही त्याच्या ताटात नको. आणि धुळ्याच्या नंबरवारी गल्ल्यांतून पाठलागही नको. धुळ्याची ही आखीव वस्ती कॅप्टन जॉन ब्रिग्जच्या कारकिर्दीतली, युद्ध संपल्यावरची.

असे तपशील जमवण्याची चटक लागते, हा उलटा धोका. टॉलस्टॉय १८६७ साली बोरोदिनोच्या मैदानावर दोन दिवस हिंडला, जागा पाहिली, सूर्य कुठून उगवतो ते पाहिलं आणि परत जाऊन लिहायला बसला. आमच्याकडे दोन टोकं दिसतात: एकतर मैदान न पाहताच ‘रक्ताचे पाट वाहिले’, नाहीतर पंधरा वर्षं टिपणं आणि कादंबरी नाहीच. चारचौघांत पुस्तकातल्या तोफेची जात सांगणारा लेखक मला संशयास्पद वाटतो. तोफेमागच्या बैलाची जात त्याला ठाऊक असेल तर गोष्ट वेगळी.

थाळनेरनंतर मालेगाव आणि अंमळनेर. मालेगावच्या किल्ल्यातल्या अरबांनी मे-जून १८१८ मध्ये जवळजवळ महिनाभर झुंज दिली, अंमळनेरचे त्याच वर्षाअखेर शरण आले. हे अरब इथले कोण? दोन-दोन पिढ्या चाकरी केलेले, सावकारी करणारे, इथेच घर मांडलेले. आपल्या कादंबऱ्यांत ते ‘दाढीधारी अरब’ एवढ्या विशेषणावर येतात आणि मरतात.

भिल्लांची गत याहून वाईट. खानदेशच्या युद्धेतिहासाचा अर्धा भाग भिल्लांचा आहे आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक कागद त्यांच्याविरुद्ध लिहिलेला आहे. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने भिल्ल पलटण उभी केली, धरणगाव तिचं ठाणं. सिमकॉक्स या अधिकाऱ्याने १९१२ साली तिचा इतिहास प्रसिद्ध केला. वाचनीय आहे, साहेबी आहे. कॅम्बेलच्या देखरेखीखाली निघालेलं १८८० चं खानदेश गॅझेटिअर तर आमच्या भागातल्या प्रत्येक हौशी अभ्यासकाच्या उशाशी असतं. त्यातून १८५७-५८ चं चित्र मिळतं: खाज्या नाईक, भीमा नाईक, मुंबई-आग्रा रस्त्यावर सेंधव्याच्या घाटात लुटलेला सरकारी खजिना, आणि ११ एप्रिल १८५८ ची अंबापाणीची लढाई. लढाईनंतर कैद्यांना तिथल्या तिथे गोळ्या घातल्या गेल्या आणि शेकडो भिल्ल स्त्रियांना पकडून नेलं. गॅझेटिअरमध्ये हे एका ओळीत संपतं. ती ओळ म्हणजे एक कादंबरी आहे.

पण ती कुणी आणि कशी लिहावी? बाबा भांड यांनी ‘तंट्या’मध्ये निमाड-खानदेशच्या सीमेवरच्या तंट्या भिल्लाला आणलं, सरकारी कागदातल्या ‘दरोडेखोरा’ला माणूस करायचं तर लोकांत फिरावं लागतं, हा त्यातला धडा. अंबापाणीला आणखी एक गाठ आहे. भिली, पावरी, बारेली बोलणाऱ्या बाया पुण्याच्या मराठीत विचार कशा करतील? संवादात चार अहिराणी शब्द शिंपडून, खाली टीप देऊन हे सुटत नाही. बोली ही पात्राच्या तोंडची फोडणी नव्हे. अहिराणी, लेवागणबोली, गुजरी, भिली या शेजारणी आहेत आणि बाजारच्या दिवशी माणूस त्यांतल्या दोन-तीन सहज वापरतो. शत्रूशी कोणती, देवाशी कोणती, कर्जदाराशी कोणती, हे ठरवणं हाच संशोधनाचा मोठा भाग. मला वाटतं अंबापाणीची कादंबरी सातपुड्यातल्याच एखाद्या लेखिकेकडून येईल, आणि तिला गॅझेटिअर फक्त तारखांपुरतं लागेल.

दुसऱ्या महायुद्धाकडे आलं की अडचण पालटते. कागद भरपूर, माणसंही कालपरवापर्यंत होती. स्कॉटने ‘वेव्हर्ली’ला ‘साठ वर्षांपूर्वी’ असं उपशीर्षक दिलं होतं. त्या मापाने १९४२ कधीच ऐतिहासिक झालं. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) मात्र ऐतिहासिक नाही, युद्ध दारात असताना लिहिलेली आहे, म्हणून तर तिच्यातली धास्ती खरी. पुढे सुभाषबाबूंवरची ‘महानायक’ (१९९८) आघाडीवर गेली. खानदेशातलं महायुद्ध मात्र आघाडीवरचं नाही. ते रेशनच्या रांगेतलं, न मिळणाऱ्या घासलेटातलं, भुसावळच्या फलाटावरून धडधडत जाणाऱ्या लष्करी गाड्यांतलं, अंमळनेरच्या प्रताप मिलच्या भोंग्यातलं, आणि ‘चले जाव’चं.

९ सप्टेंबर १९४२, नंदुरबार. मिरवणुकीवर गोळीबार झाला, शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार साथीदार गेले. शिरीषकुमारला सोळावं पुरं व्हायचं होतं. हा प्रसंग शाळेच्या भाषणांतून आम्ही इतक्या वेळा ऐकला की मुलगा नाहीसा होऊन पुतळा उरला. पुतळ्याला संवाद कसे द्यायचे? मला दोन वाटा दिसतात. पहिली भाषेची. त्या मिरवणुकीत घोषणा गुजरातीत होत्या, कारण नंदुरबारची पेठ आणि मेहतांचं घर गुजराती बोलणारं. मराठी कादंबरीकार त्या मराठीत घालेल तर गावच बदलेल. दुसरी वाट पुन्हा पंचांगाची. १० सप्टेंबर १९४२ ला श्रावणी अमावस्या होती. म्हणजे गोळीबार झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी पोळा. आसपासच्या खेड्यांत बैलांची शिंगं रंगवून झालेली, झुली बाहेर काढलेल्या, आणि बाजाराच्या गावातून ही बातमी येते. सकाळी बैल मिरवले की नाही मिरवले? प्रत्येक गावाने काहीतरी ठरवलं असणार. एवढ्या एका सकाळीतून शिरीषकुमारबद्दल त्याच्या तोंडी भाषण न घालता पुष्कळ सांगता येईल.

१४ एप्रिल १९४४ ची चिमठाण्याची गोष्ट तर कादंबरीकारासाठीच घडल्यासारखी. धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सुमारे साडेपाच लाखांचा सरकारी खजिना शिंदखेडा तालुक्यातल्या चिमठाण्याजवळ भूमिगतांनी लुटला. डॉ. उत्तमराव पाटील यांच्यासारखे खानदेशातले लोक आणि साताऱ्याच्या प्रतिसरकारातले जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासारखे कार्यकर्ते या कटात एकत्र आले. डांगरीच्या लीलाताई पाटील हे याच चळवळीतलं नाव. त्याच दिवशी दुपारी मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा प्रचंड स्फोट झाला, शेकडो माणसं मेली. दोन बातम्या, एक तारीख. आणि युद्धकाळातली सेन्सॉरशिप. त्या आठवड्यातलं वर्तमानपत्र हाती आलं की कोणती बातमी कुठल्या पानावर, किती ओळींची, हे पाहावं. कधी कधी मजकुरापेक्षा त्याची जागा जास्त बोलते.

चिमठाण्याचे सहभागी पुढे स्वातंत्र्यसैनिक म्हणून गौरवले गेले, त्यांनी आठवणी सांगितल्या, त्या छापल्या गेल्या. आठवण ही साधन आहेच, पण चाळीस वर्षं सत्कारांच्या व्यासपीठांवरून सांगून ती गुळगुळीत होते. तिच्यातली घाई, चूक, भीती झिजून जाते. खजिन्यासोबतच्या पोलिसांची बाजू तर जवळपास कुणी विचारलीच नाही. तेही इथल्याच गावांचे, पगारावर घर चालवणारे. त्यांना सहानुभूती दाखवली की क्रांतिकारकांचा अपमान होतो, अशी समजूत असणाऱ्या वाचकाला घाबरून लिहिलं तर चिमठाण्याचीही बखरच होईल. जिवंत कुटुंबांचा मान राखावा, पात्राचं नाव बदलावं, पण भीती बदलू नये.

मग कुठवर सूट घ्यावी? माझी रीत साधी आहे, आणि ती मी राजवाड्यांकडूनच उसनी घेतली आहे. कागदात जे आहे ते फिरवू नये: तारीख, जागा, मेलेला आणि मारणारा. कागदात जे नाही तिथे बिनधास्त शिरावं. आणि कुठे शिरलो ते पुस्तकाच्या शेवटी दोन पानांत कबूल करावं. असं निवेदन द्यायला आमचे प्रकाशक कुरकुरतात, वाचकाची तंद्री मोडते म्हणतात. वाचक एवढा नाजूक नसतो. उलट, कादंबरीतले संवाद इतिहास म्हणून भाषणांत उद्धृत होतात, त्यावर मोर्चे निघतात, तेव्हा ती दोन पानं असती तर बरं झालं असतं असं वाटतं.

शोधाची साधनं इथेच हाताशी आहेत. राजवाड्यांच्या मृत्यूनंतर लगेच १९२७ साली धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं, त्याचं ‘संशोधक’ हे नियतकालिक निघालं. शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेली समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. पेशवे दप्तर पुण्यात. फक्त मोडी वाचता आली पाहिजे, आणि धूळ सोसली पाहिजे. नेमाड्यांच्या ‘हिंदू’मधला खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे आणि जगण्याची समृद्ध अडगळ हे त्या कादंबरीचं उपशीर्षक, लेखक यावल तालुक्यातल्या सांगवीचा. अडगळीत शिरायला खानदेशी माणसाला लाज वाटू नये.

थाळनेरला मी शेवटचा गेलो तेव्हा संध्याकाळ होती. किल्ल्याच्या मातीवरून पोरं खाली नदीकडे घसरगुंडी खेळत होती. दरवाजा नेमका कुठे होता म्हणून मी विचारलं. एकाने डावीकडे हात केला, दुसऱ्याने उजवीकडे, आणि मग दोघांची अहिराणीत जुंपली.